भोंगा वाजला तर आम्ही कुठे जायचे? राज्य संकट गटाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, राज्य संकट गट, मंत्रालय, मुंबई
आणि राज्यातील सर्व जिल्हा संकट गटांचे अध्यक्ष

महोदय,

रासायनिक अपघातांना तोंड देण्याची तयारी पाहणे हे आपल्या गटाचे काम, म्हणून हे पत्र आपल्याला. कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रासायनिक कारखाने आहेत आणि त्या सड्याच्या उतारावर, खालच्या अंगाला आमची वाडी आहे. गावाचे आणि कारखान्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र एका कारखान्याविरुद्धची तक्रार समजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावे असे मला वाटत नाही. एका रात्री वायू गळून वाडीत वास पसरला, तेव्हा तशी तक्रार आम्ही केली होती. तिला उत्तर आले ते असे: पाहणीच्या वेळी वास आढळून आला नाही, कारखान्यात मॉक ड्रिल (अपघाताचा सराव) नियमित होते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पाहणीला माणसे आली तेव्हा वास येऊन गेल्याला आठवडा होऊन गेला होता. त्यांना तो कसा आढळणार होता?

मॉक ड्रिल नियमित होते हे मात्र खरे आहे. मला ते ठाऊक आहे, कारण अशाच एका कारखान्यात मी ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षे काढली आणि तिथूनच निवृत्त झालो. त्या पगारावर घर बांधले, मुलांची शिक्षणे केली. कारखाने बंद करा असे सांगणारा मी नव्हे, आणि वाडीतही तसे कोणी म्हणत नाही. आमच्यातल्या निम्म्या घरांची चूल त्या पगारावर पेटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की कारखान्याची सज्जता जिथे कंपाउंडची भिंत संपते तिथेच संपते, आणि वायू भिंतीपाशी थांबत नाही.

भिंतीच्या आत काय होते ते आधी सांगतो. कामाला लागल्यावर आम्हाला प्लांट शिकवण्याआधी भोंगा शिकवला. वर-खाली होत जाणारा भोंगा म्हणजे धोका; एकसारखा लांब भोंगा म्हणजे धोका टळला. धोक्याचा भोंगा कानावर आला की हातातले काम सुरक्षित बंद करायचे, मान वर करून विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, कुठल्या बाजूला फुगला आहे ते बघायचे आणि वाऱ्याला आडवे निघून असेंब्ली पॉइंट, म्हणजे सगळ्यांनी जमायची ठरलेली जागा, गाठायचा. तिथे हजेरी व्हायची. कंत्राटी कामगार, कँटीनचा पोऱ्या, माल खाली करायला आलेला ट्रकवाला, सगळे मोजले जायचे. गेटवरच्या नोंदी आणि समोर उभी माणसे जुळली नाहीत, तर श्वसनसंच पाठीला लावलेली दोघे आत शोधायला जायची. ड्रिल संपले की कुणाला किती वेळ लागला, कुठला दरवाजा अडला, कुणी चुकून वाऱ्याच्या दिशेनेच धाव घेतली, याची चर्चा व्हायची. सुरुवातीला आम्ही पोरे कंटाळायचो. पण एकदा खरोखर एका पाइपाचे गॅस्केट फुटले, तेव्हा कुणी कुणाला काही न विचारता सगळे योग्य जागी जाऊन उभे राहिले. सराव माणसाच्या पायात उतरतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

भिंतीबाहेर, हाकेच्या अंतरावर, तोच भोंगा घड्याळ म्हणून वापरला जातो. पहिल्या पाळीच्या भोंग्याला गुरे सोडायची, दुपारच्या भोंग्याला भात उतरवायचा. वाडीत कुणालाही विचारा, भोंग्याचे दोन प्रकार असतात हे त्याला ठाऊक नाही. उद्या धोक्याचा भोंगा झाला, तर लोक म्हणतील की आज भोंगा फार वेळ वाजला, आणि कामाला लागतील.

आता त्या रात्रीबद्दल. थंडीचे दिवस होते, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जेवणे आटोपून लोक अंथरुणावर पडले होते. नाकाला झोंबणारा, घसा धरणारा वास सड्यावरून उतरू लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले तशी माणसे पडवीत आली. भोंगा झाला नाही. फोन आला नाही. मोबाइलला आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या कातळावर गेले तर मिळते, आणि त्या अंधारात कातळावर कोण जाणार? वाडीतून बाहेर पडायला गाडीरस्ता एकच आहे आणि तो कारखान्याच्या गेटासमोरून जातो. म्हणजे पळायचे तर वासाच्या उगमाकडेच पळायचे. ते कुणाला पटेना. मग जिकडे पाय नेहमी जातात तिकडे लोक निघाले: पाखाडीच्या पायवाटेने खाली, परह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे. लेकरे काखेला, म्हातारी माणसे काठी टेकत, हातात बॅटऱ्या.

मी त्यांना आडवा झालो, ओरडून अडवले. कारण हवेपेक्षा जड वायू अशा रात्री उताराने खाली येतो आणि खोलगटात साचून राहतो. क्लोरिन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. थंडीच्या शांत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वर उठत नाही, आणि तिच्यातला वायूही उठत नाही. परह्या ही त्या रात्री गावातली सर्वांत वाईट जागा होती. लोकांना बाजूच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, नेले. टॉवेल आणि पदर भिजवून नाकातोंडाला धरायला लावले. अर्ध्या तासाने कुणाच्या तरी लक्षात आले, की वरच्या घरातले एक आजोबा आलेच नाहीत. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. मुलगा-सून मुंबईला. ते पडवीत घोंगडी पांघरून खोकत बसलेले सापडले. सुदैवाने त्या रात्री कुणी दगावले नाही. पण टेपावर जायचे आणि परह्यात उतरायचे नाही, हे वाडीला सांगायला कारखान्यात नोकरी केलेला माणूस योगायोगाने घरी असावा लागला. शेजारच्या वाडीत तसा कोणी नव्हता. तिथले लोक खालीच उतरले होते. दोघींना पहाटे रुग्णालयात न्यावे लागले.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: काय गळले? आम्हाला सांगता येईना. त्यांनी कारखान्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग लक्षणे बघून उपचार केले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात होते ते त्यांनी केले. पण 1984 सालच्या डिसेंबरात भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात डॉक्टरांपुढे हाच प्रश्न उभा होता. त्या रात्री हजारो माणसे दाराशी येत होती आणि वायू कोणता, त्यावर उपाय काय, हे सांगणारे कोणी नव्हते. त्याला चाळीस वर्षे उलटली. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आजही सड्यावर कोणकोणती रसायने साठवली आहेत याचा एक कागद नाही.

हे सगळे कायद्यात नाही म्हणून घडते असे असते, तर मी हे पत्र विधिमंडळाला लिहिले असते. कायद्यात सगळे आहे. भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आसपासच्या रहिवाशांनाही धोक्याची माहिती देणे बंधनकारक झाले. 1989 च्या घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीच्या नियमांनी कारखान्याला आतला आराखडा करायला लावला आणि दर सहा महिन्यांनी त्याची मॉक ड्रिल घ्यायला सांगितले. त्याच नियमांनी भिंतीबाहेरचा आराखडा, ज्याला कार्यालयात ऑफसाइट प्लॅन म्हणतात, तो करण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली आणि वर्षातून एकदा तरी त्याची रंगीत तालीम झाली पाहिजे असे म्हटले. अपघात कोणत्या स्वरूपाचा होऊ शकतो, झाला तर काय करावे आणि काय करू नये, हे बाहेरच्या लोकांना कळवायचे हेही त्यात आहे.

नंतर 1996 चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम आले. आपला गट त्या नियमांनीच जन्माला आला. आपली बैठक तीन महिन्यांतून एकदा, जिल्हा गटाची दर 45 दिवसांनी, स्थानिक गटाची दर महिन्याला. स्थानिक गटाने सहा महिन्यांतून एकदा पूर्ण स्वरूपाची मॉक ड्रिल करायची, जिल्हा गटाने वर्षातून एक. स्थानिक गटात कोण असावे हेही ठरलेले आहे: प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, पोलीस, अग्निशमन, गटविकास अधिकारी, डॉक्टर, घातक माल वाहणारे वाहतूकदार, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, समाजसेवक आणि सरपंच किंवा ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी. ज्याने कुणी हे नियम लिहिले, त्याने गावाचा विचार करून लिहिले. म्हणूनच वाचताना जास्त वाईट वाटते. आमच्या सरपंचांना मी या गटाविषयी विचारले, तर त्याचे नाव त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आता आमच्या तक्रारी. त्या एका तालुक्याच्या नाहीत. सड्यावरच्या, खाडीकाठच्या, माळरानावरच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावात जाऊन विचारा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळेल.

पहिली तक्रार इशाऱ्याची. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावात स्टायरिन नावाच्या रसायनाचा वायू शिरला, बारा माणसे गेली. लोक झोपेत होते. आंध्र प्रदेश सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीच्या अहवालात आले, की त्या कारखान्यात 36 ठिकाणांहून वाजवता येईल अशी भोंग्याची सोय होती, आणि ती वापरलीच गेली नाही. गावाला कारखान्याने जागे केले नाही. घशातल्या आगीने जागे केले. आमच्या त्या रात्रीही आतल्या लोकांना गळती आटोक्यात येईल असे वाटले असावे. मी आत काम केले आहे, म्हणून हा विचार कसा चालतो ते मला माहीत आहे: भोंगा दिला तर बाहेर बोभाटा होईल, वरून विचारणा होईल, थोडे थांबून बघू. ते थोडे थांबणे कंट्रोल रूममधल्या माणसाच्या मर्जीवर सोडता कामा नये. कोणत्या पातळीला भोंगा द्यायचा ते ठरलेले हवे, आणि दिला म्हणून कुणाला नोटीस निघणार नाही हेही ठरलेले हवे.

शिवाय भोंग्यावर सगळे भागत नाही. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. बिबट्या आला, चोर आले की एका फोनवरून सगळ्या गावाच्या मोबाइलवर एकाच वेळी आवाज जातो. केंद्राने 2023 मध्ये चाचणी म्हणून देशभरचे मोबाइल मोठ्याने वाजवून दाखवले. बिबट्यासाठी आणि चाचणीसाठी जे जमते ते वायूसाठी जमायला हरकत काय? आणि ज्या वाडीत रेंजच नाही तिथे देवळावरचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा, घरोघर हाक देणारी चार पोरे, असा आराखडा करावा लागेल. तो कागदावर कुठेच नाही.

दुसरी तक्रार वाटेची. एकच रस्ता आणि तोही कारखान्याच्या तोंडावरून, ही एकट्या आमच्या वाडीची गोष्ट नाही. डोंगरकुशीतल्या किती वाड्यांना दुसरी वाट नाही, याची मोजणी कुणी केलेली नाही. आमच्याकडे परह्यावर एक साकव (लहान पूल) झाला आणि पलीकडे अर्धा-पाऊण किलोमीटर रस्ता झाला, तर वाडी दुसऱ्या बाजूने मुख्य रस्त्याला लागते. ग्रामसभेने तसा ठराव केलेला आहे. तो ठराव रस्त्यांच्या यादीत पडून आहे, कारण वाहनांची वर्दळ कमी. हा रस्ता वर्दळीसाठी मागितलेलाच नाही. तो एका रात्रीसाठी मागितला आहे, आणि त्याचे मोजमाप वाहनांच्या संख्येने करू नये.

तिसरी तक्रार आराखड्यातल्या गृहीतकांची, आणि इथे मला जास्त बोलायचे आहे. दारे-खिडक्या बंद करून घरात थांबा, असे सूचनापत्रकांत छापलेले असते. शहरातल्या स्लॅबच्या घरात ते बरोबर आहे. आमची निम्मी घरे कौलारू. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर बाहेर जातो, त्याच फटींतून बाहेरचा वायू आत येतो. अशा घरात कुठली खोली बंद करायची? माजघर की देवघर? की शाळेच्या स्लॅबच्या दोन वर्गांना घट्ट बसणारी दारे, खिडक्यांना लावायला प्लास्टिक आणि चिकटपट्टी, पिण्याचे पाणी अशी तयारी करून वाडीने तिथे जमायचे? हे ठरवायला मंत्रालयातला माणूस लागत नाही. वाडीत येऊन एक दिवस फिरणारा माणूस लागतो.

वाऱ्याचेही तसेच. शाळेतली मुलेसुद्धा सांगतील, की दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. म्हणजे दुपारी गळती झाली तर एका अंगाची गावे, रात्री झाली तर दुसऱ्या अंगाची. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर. आराखड्यात कारखान्याभोवती एक वर्तुळ काढलेले असते आणि त्यातल्या गावांची नावे दिलेली असतात. वर्तुळाला डोंगर दिसत नाही, दरी दिसत नाही, वारा दिसत नाही.

लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. त्यानंतर जनगणना झालेली नाही, हे मी समजू शकतो. पण गणपतीत आणि शिमग्यात कोकणातल्या गावात काय होते हे कुणाला सांगायला नको. चाकरमानी येतात, बंद घरे उघडतात, एकेका घरात वीस-वीस माणसे झोपतात. त्याच दिवसांत कारखान्यात स्थानिक कामगार रजेवर असतात आणि कमी माणसांवर प्लांट चालतो. गणपतीच्या रात्री गळती झाली तर, हा प्रश्न प्रत्येक आराखड्यात असला पाहिजे. उलट वर्षाचे बाकीचे दिवस वाड्यांत म्हातारी माणसेच जास्त. ज्यांना चालता येत नाही, ऐकू येत नाही, जी एकटी राहतात, त्यांना कोण उचलणार, कुणाच्या गाडीतून नेणार?

चौथी तक्रार शाळांची. 12 डिसेंबर 2024 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला वायूचा त्रास होऊन शाळेतली मुले रुग्णालयात दाखल करावी लागली. डोळे चुरचुरणारी, श्वास लागलेली, भेदरलेली पोरे आणि बाहेर धावत आलेले आईबाप, हे राज्याने टीव्हीवर पाहिले. त्यानंतर राज्यातल्या घातक कारखान्यांजवळच्या प्रत्येक शाळेत वायुगळतीची तालीम व्हायला हवी होती. आमच्या शाळेत आग लागली तर काय, भूकंप झाला तर काय, हे शिकवतात. टेबलाखाली बसायला लावतात. समोरच्या सड्यावर जे आहे त्याबद्दल एक अक्षर नाही. शाळेच्या छपरावर एक विंडसॉक लावायला किती खर्च येतो? मास्तरांना वाऱ्याची दिशा कळली, तर पोरे कुठल्या दाराने बाहेर काढायची हे त्यांना तिथल्या तिथे ठरवता येईल.

पाचवी तक्रार मदत पोचण्याची. 31 ऑगस्ट 2019 ला धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळ रासायनिक कारखान्यात स्फोट झाले, किमान तेरा माणसे गेली. 3 नोव्हेंबर 2023 ला महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट आणि आग होऊन अकरा कामगार गेले; राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी बाहेरून येऊन शोधकार्य करत होती. अशा तुकड्या त्यांच्या तळावरूनच निघणार, घाट उतरूनच येणार, त्याला वेळ लागणारच. वायूच्या बाबतीत मात्र जे काय व्हायचे ते पहिल्या तासाभरात होते. त्या तासात गावात जो असतो तोच मदत करतो: पोलीस पाटील, आशाताई, रिक्षावाला, मास्तर. त्यांच्या हातात आज काय आहे? पुरासाठी तालुक्याला दोर, लाइफ जॅकेट, बोटी मिळतात आणि 2021 च्या चिपळूणच्या महापुरानंतर त्याकडे लक्षही वाढले, ते चांगलेच झाले. वायूसाठी पोलीस पाटलाकडे साधा मास्क नाही. आरोग्य उपकेंद्रात ऑक्सिजनचा सिलिंडर असला तर त्याची किल्ली कुणाकडे, हा शोध घ्यावा लागतो.

घाटातून ये-जा करणाऱ्या टँकरबद्दल स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच सांगतो, की टँकर उलटला की आधी पोचतात ते आसपासचे गावकरी, आणि टँकरच्या पाठीवरच्या पाटीचा अर्थ त्यांना कधीच कुणी सांगितलेला नाही.

हे मुद्दे घेऊन आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकच उत्तर दिले: असे सगळे गावाला सांगितले तर लोक घाबरतील. महोदय, हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. लोक घाबरलेलेच आहेत. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस वाडीतल्या बाया जरा वास आला की पोरांना उठवून अंगणात आणत होत्या. अगदी काजूच्या भट्टीच्या धुरालाही. काय झाले आणि काय करायचे हे ठाऊक नसते, तेव्हा माणूस प्रत्येक वासाला घाबरतो. कारखान्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात सगळे धोके सांगितले होते. कोणी नोकरी सोडून पळाले नाही. जे सत्य कामगाराला सांगितल्याने तो शहाणा होतो, ते त्याच्या बायकोला आणि आईला सांगितल्याने त्या घाबरतील, हे कुठल्या आधारावर ठरवले?

आमच्या मागण्या अशा.

सड्यावर काय साठवले आहे, ते सुटले तर त्याने काय होते, काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हे साध्या मराठीत एका कागदावर छापून प्रत्येक घरात द्या. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकानात लावा. त्याचा सविस्तर भाग, उपचारांसह, आरोग्य केंद्रात आणि जवळच्या खासगी डॉक्टरांकडे द्या. रात्री-अपरात्री डॉक्टरांचा फोन उचलणारा एक जबाबदार माणूस प्रत्येक कारखान्याने नेमावा आणि त्याचा क्रमांक दर सहा महिन्यांनी तपासला जावा.

भोंग्याचा अर्थ गावाला शिकवा. महिन्यातून एका ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी धोक्याचा आणि धोका टळल्याचा असे दोन्ही भोंगे वाजवा, म्हणजे फरक कानात बसेल. भोंगा पोचत नाही त्या वाड्यांसाठी फोनची आणि हाकेची व्यवस्था लेखी ठरवा.

भिंतीबाहेरच्या आराखड्याची तालीम खरोखर गावात घ्या. कारखान्याच्या गेटावर फोटो काढून ती झाल्याचा अहवाल पाठवू नका. निदान एक तालीम रात्री घ्या, एक गणपतीच्या आसपास, आणि तिच्यात जे चुकेल ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

ज्या वाडीला बाहेर पडायचा एकच रस्ता आहे आणि तो धोक्याच्या जागेवरून जातो, अशा वाड्यांची यादी करून तिथले साकव आणि जोडरस्ते आपत्ती निवारणाचे काम म्हणून आधी करा. कारखान्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा गेटासमोरच्या कमानी आणि बाकड्यांवर जातो. तो पहिल्यांदा इथे लावायला सांगा.

प्रत्येक स्थानिक गटात सरपंचांना नियमांनी दिलेली जागा खरोखर द्या. त्यांना बैठकीची सूचना वेळेत मिळू द्या, इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. राज्यात कुठल्या जिल्हा गटाची आणि स्थानिक गटाची शेवटची बैठक कधी झाली, शेवटची बाहेरची तालीम कधी झाली, याची यादी आपण स्वतः प्रसिद्ध करा. ही माहिती आपल्याकडे यायलाच हवी, कारण खालच्या गटाने वरच्या गटाला अहवाल पाठवायचा असे नियमच सांगतात. आणि जोवर एखाद्या जागी बाहेरची तालीम झालेली नाही, तोवर तिथल्या विस्ताराला आणि जादा साठवणुकीला परवानगी देऊ नये.

वास येऊन गेल्यावर आठवड्याने पाहणी करण्याची पद्धत थांबवा. गळतीची तक्रार आली की त्याच दिवशी कुणीतरी यावे आणि त्या रात्रीच्या प्लांटच्या नोंदी ताब्यात घ्याव्यात. वास उडून जातो, नोंदी राहतात.

यातल्या एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. बहुतेक गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही. साकवाला लागेल, आणि तो एखाद्या टाकीच्या किमतीपेक्षा जास्त नसेल.

आमच्या बाजूने काम सुरू झाले आहे. आशाताई, पोलीस पाटील आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना घेऊन आम्ही घरोघर फिरतो आहोत. अंथरुणाला खिळलेली माणसे, ऐकू न येणारी, दम्याची, गरोदर आणि ओल्या बाळंतिणी, एकटी राहणारी, अशी नावे लिहून घेतली आहेत. कुणाच्या घरी गाडी आहे, कोण रात्री गावात असतो, कुठले घर स्लॅबचे आहे हेही टिपले आहे. वरच्या घरातल्या त्या आजोबांना हाताला धरून आणण्याचे काम शेजारच्या दोन मुलांनी अंगावर घेतले आहे. ही यादी कुणाकडे द्यायची आणि ती घेऊन पुढे काय करायचे, हे सांगायला आपल्या गटाचा एक जबाबदार माणूस आमच्या वाडीत पाठवावा. दिवस आधी कळवला तर सगळी वाडी हजर राहील.

आपला,
सड्याखालच्या वाडीतील एक रहिवासी
निवृत्त प्लांट ऑपरेटर